चल-नियंत्रण

शालेय विज्ञानाध्यापनातील एक विचारकौशल्य. प्रयोगात एका वेळी एकच घटक (स्वतंत्र चल) बदलणे, इतर घटक स्थिर ठेवणे व परिणामातील (अवलंबी चल) फरक त्या एकाच घटकाशी जोडणे, असे त्याचे स्वरूप.

या विचाराचे मूळ काही जण इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनपर्यंत नेतात. तथापि तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये मांडलेली भेद-पद्धती (एक घटक सोडून बाकी सारे सारखे असलेल्या दोन प्रसंगांची तुलना) त्याला अधिक जवळची आहे. बालमानसशास्त्रज्ञ बार्बेल इनहेल्डर व झां प्याजे (१९५५) यांच्या मते हे कौशल्य साधारण ११-१२ व्या वर्षापासून विकसित होऊ लागते. संशोधक चेन व क्लार (१९९९) यांना मात्र उघड शिकवल्यास ७ ते १० वर्षांची मुलेही ते आत्मसात करतात असे आढळले. त्यामुळे ‘वय झाले की येईल’ ही भूमिका आज टिकवणे अवघड आहे. भारतात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (१९७२–२००२) सहावी ते आठवीच्या अध्यापनात प्रयोगालाच मध्यवर्ती स्थान दिले.

वर्गात लंबकाचा प्रयोग सर्वांत सोयीचा. २५ व १०० सेंमी. लांबीचे दोरे आणि चार वॉशर गटाला द्यावेत, कृती सांगू नये. बहुतेक गट लांब दोऱ्याला जड व आखूड दोऱ्याला हलके वजन बांधतात आणि ‘झोक्याच्या वेळेवर दोन्हींचा परिणाम होतो’ म्हणतात. तेथे उत्तर न सांगता ‘वजने अदलाबदल केली तर?’ एवढेच विचारावे. २० आवर्तनांना (पूर्ण झोक्यांना) सुमारे २० व ४० सेकंद लागतात, म्हणजे लांबी चौपट तर काळ दुप्पट. वजनाने फरक पडत नाही.

पडलाच, तर वॉशर कसे लावले ते पाहावे. सुमारे ३ सेंमी. व्यासाचे चार वॉशर एकाखाली एक बांधल्यास गुरुत्वमध्य खाली सरकतो, लंबक नकळत लांब होतो आणि आखूड दोऱ्यावर २० सेकंदांचे जवळपास २२ होतात. सर्व वॉशर एकाच आकड्यात अडकवावेत. सोडतानाच ‘एक’ मोजले तर १९ आवर्तनेच भरतात. दोन्ही दोऱ्यांत चूक सारखीच असल्याने गुणोत्तर मात्र बिघडत नाही, म्हणून ती लवकर सापडत नाही. सुरुवातीचा कोन १० अंशांच्या आत असावा. ६० अंशांवर आवर्तकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. पंखे बंद ठेवणे ओघाने आलेच.

चल हाताबाहेरचे असल्यास काय करावे, यासाठी नागपुरात कूलरचे उदाहरण हाताशी आहे. मेमध्ये थंडावा देणारा कूलर जुलैत नुसता दमटपणा वाढवतो. हवेची आर्द्रता विद्यार्थी ठरवू शकत नाही. मात्र बाकीचे घटक स्थिर ठेवून वेगवेगळ्या दिवसांची तुलना करण्यासाठी तो एकाच जागी, सावलीत, ठरल्या वेळी दोन तापमापके ठेवू शकतो, एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळून. कोरड्या दिवशी दोन नोंदींतील तफावत मोठी, पावसाळी दिवशी अगदी थोडी. मेमध्ये सुट्टी असल्याने ही नोंद घरीच घ्यावी लागते आणि तेथे कापड हमखास फ्रीजच्या पाण्याने भिजवले जाते; पाणी आधी तासभर खोलीत ठेवलेले हवे.