‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ : रिकाम्या वाटणाऱ्या एका अल्बमची पार्श्वभूमी

विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ मे १९७५ मध्ये बाजारात आला. अमेरिकन कंट्री संगीतातल्या ‘आउटलॉ’ बंडाचा, म्हणजे कंपन्यांची चौकट न जुमानणाऱ्या गायकांच्या बंडाचा झेंडा, अशी त्याची ओळख हमखास करून दिली जाते. मात्र गाण्यांत बंड शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. यातली बरीच गाणी जुनी आणि दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत, काही तर तेव्हाच तीस वर्षं जुनी. भांडण होतं ते ती मुद्रित कशी करायची आणि शेवटचा शब्द कोणाचा, यावर. त्यामुळे या अल्बमची पार्श्वभूमी सांगताना एक करार आणि एक गिटार यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

साठच्या दशकात कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात नेल्सनची ओळख गीतकार म्हणून होती. १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइनने त्याचं ‘क्रेझी’ गाजवलं, त्याच वर्षी फॅरन यंगने ‘हॅलो वॉल्स’. गायक म्हणून तो आरसीए या रेकॉर्ड कंपनीत गेला. तिथे चेट अॅटकिन्स या निर्मात्यांच्या देखरेखीखाली जो ‘नॅशव्हिल साउंड’ घडत होता त्याची घडी पक्की होती: तीन तासांचं सेशन, त्यात तीन-चार गाणी उरकायची, ठरलेले वादक, आणि वरून व्हायोलिनं व कोरस. अनेक गायकांना हे छान मानवलं. नेल्सनला मानवलं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या गळ्यापेक्षा त्याच्या लयीत आहे. तो ओळ ठेक्याच्या मागे रेंगाळत सोडतो, मध्येच दोन-तीन शब्द भरभर उरकतो आणि समेवर आरामात येतो. मागे कोरस आणि व्हायोलिनं अगदी ठेक्यावर चालत असली, की हे रेंगाळणं चूक वाटू लागतं. साथ मोजकी असली तर तेच बोलल्यासारखं वाटतं. आधी आरसीएच्या काळातलं एखादं गाणं आणि मग १९७५चं ऐकलं, तर हा फरक एका बैठकीत कळतो.

दुसरा धागा गिटारचा. १९६९ मध्ये त्याची बाल्डविन गिटार एका कार्यक्रमात मोडली. नॅशव्हिलचे कारागीर शॉट जॅक्सन यांनी दुरुस्ती शक्य नसल्याचं सांगितलं आणि त्याऐवजी मार्टिन एन-२० सुचवली. नेल्सनने ती न बघताच ७५० डॉलरला घेतली. ही नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार. इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकीय पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, इथे चालत नाही, कारण त्याला धातूची तार लागते. म्हणून जॅक्सन यांनी मोडक्या बाल्डविनमधला प्रिझमाटोन पिकअप काढून मार्टिनमध्ये बसवला. तो चुंबकावर चालत नाही, तारांच्या कंपनाच्या दाबावर चालतो. त्यामुळे नायलॉनचा गोलसर, किंचित बोथट नाद जसाच्या तसा अॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचतो. काउबॉय चित्रपटांचा नट रॉय रॉजर्स याच्या घोड्यावरून या गिटारला ‘ट्रिगर’ हे नाव मिळालं. क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची असते, म्हणून तिच्या पाटीवर पिकगार्ड, म्हणजे लाकूड ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी, नसते. नेल्सन मात्र पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वापरतो, आणि त्याच्या ओरखड्यांनी ध्वनिछिद्राच्या शेजारी लाकूड झिजून आरपार भोक पडलं.

डिसेंबर १९७०मध्ये नॅशव्हिलजवळच्या रिजटॉपमधलं त्याचं घर जळालं. आगीतून जे थोडं वाचलं त्यात ट्रिगर होती. तो टेक्ससमध्ये बँडेराला राहायला गेला आणि १९७२मध्ये ऑस्टिनला. आरसीए सुटली, अटलांटिक कंपनीत दोन अल्बम झाले, आणि १९७४मध्ये अटलांटिकने नॅशव्हिलचा कंट्री विभागच बंद केला. मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. त्यातलं एक कलम पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे: अल्बम कसा असावा हे नेल्सन ठरवणार, कंपनी नाही.

शीर्षकगीत यापेक्षाही जुनं. एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टट्झ यांनी ते १९५३मध्ये लिहिलं आणि पुढच्या वर्षी आर्थर स्मिथने गायलं. फोर्ट वर्थच्या रेडिओवर निवेदक असताना नेल्सन ते मुलांच्या कार्यक्रमात लावायचा, पुढे घरी आपल्या मुलांना झोपवताना म्हणायचा. कोलंबियासाठीच्या पहिल्या अल्बममध्ये काय करावं, हा विषय कोलोरॅडोहून परतीच्या प्रवासात निघाला तेव्हा पत्नी कॉनीने हेच गाणं सुचवलं. त्या गाण्यात काळ्या घोड्यावरचा दुःखी, धोकादायक स्वार आहे. नेल्सनने त्याला पूर्वकथा जोडली: हा एक पाद्री, बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून गेलेली, त्याने दोघांनाही मारलेलं. ‘टाइम ऑफ द प्रीचर’ हे स्वतःचं गाणं त्याने ध्रुवपदासारखं पुन्हा पुन्हा आणलं आणि मधल्या जागा जुन्या गाण्यांनी भरल्या. बायको गेल्याचं कळतं तिथे एडी अर्नल्डचं गाणं, पुढे चर्चमधलं ‘जस्ट अॅज आय अॅम’ नुसतं वाद्यांवर, कथेतल्या डेन्व्हर शहरातल्या नाचासाठी हुव्हेंतिनो रोसास या मेक्सिकन संगीतकाराचा एकोणिसाव्या शतकातला वॉल्ट्झ. ही निवड फार नेटकी आहे. ओळखीची गाणी कथेत अशी बसवली की प्रत्येकाचा अर्थ किंचित सरकला.

मुद्रण जानेवारी १९७५मध्ये डॅलसजवळच्या गारलँडमध्ये, ऑटम साउंड या नव्या स्टुडिओत झालं. ध्वनितंत्रज्ञ फिल यॉर्क. वादक नेल्सनचे रोजचेच: थोरली बहीण बॉबी पियानोवर, मिकी राफेल हार्मोनिकावर, बी स्पिअर्स बासवर, पॉल इंग्लिश ड्रम्सवर, जोडी पेन गिटार आणि मँडोलिनवर. काम थोड्या दिवसांत उरकलं, आणि खर्च सुमारे ४,००० डॉलर सांगितला जातो. यॉर्क यांनी पहिल्या मिक्समध्ये ईक्वलायझर (आवाजातले उंच-खालचे स्वर कमी-जास्त करणारं उपकरण) वापरून आवाज घासूनपुसून घेतला होता. नेल्सनने तो काढायला लावला. बऱ्याच गाण्यांत तीन-चारच वाद्यं, तीही एका वेळी नाहीत. हार्मोनिका एखाद्या ओळीच्या शेवटी येते आणि गप्प होते.

टेप ऐकल्यावर कोलंबियाच्या लोकांना वाटलं, हा डेमो आहे, पक्कं मुद्रण अजून व्हायचंय. नॅशव्हिलमध्ये त्यावर व्हायोलिनं चढवण्याची सूचनाही निघाली. ऐकण्याच्या बैठकीला ‘आउटलॉ’ गायकांपैकीच एक, वेलन जेनिंग्ज हजर होता, तो भडकला. कंपनीचे प्रमुख ब्रूस लुंडवल यांच्यासमोर करारातलं ते कलम होतं, आणि अल्बम आहे तसा निघाला.

पहिल्या सिंगलसाठी, म्हणजे अल्बममधून वेगळ्या काढलेल्या एका गाण्याच्या तबकडीसाठी, निवडलं ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’. फ्रेड रोझ यांनी ते चाळीसच्या दशकात लिहिलेलं, कंट्री गायक रॉय एकफने तेव्हाच गायलेलं. हे रोझ म्हणजे नॅशव्हिलच्या एकफ-रोझ प्रकाशनसंस्थेचे भागीदार, १९५४मध्ये वारलेले. गाणं अडीच मिनिटांचंही नाही. आवाज आणि ट्रिगर पुढे, बास मागे, आणि मध्ये गिटारची छोटी जागा, तीही गाण्याच्याच चालीवर, एकही सूर मिरवण्यासाठी नाही. ऑक्टोबर १९७५मध्ये ते कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून नेल्सनचं हे या यादीतलं पहिलं अव्वल गाणं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. सर्वसाधारण हॉट १०० यादीत ते २१व्या जागेपर्यंत पोहोचलं, आणि सर्वोत्तम पुरुष कंट्री गायनाचं ग्रॅमीही त्याला मिळालं. दुसरं सिंगल ‘रिमेंबर मी’, स्कॉट वाइजमन यांचं जुनं गाणं, कंट्री यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम कंट्री यादीत पहिला आला, मार्च १९७६मध्ये विक्रीच्या जोरावर ‘गोल्ड’ ठरला.

पहिल्या सिंगलच्या तबकडीची मागची बाजू सहसा कोणी लावून बघत नाही. तिथे ‘बँडेरा’ आहे. अल्बमचा शेवट करणारा, शब्दांशिवायचा छोटा तुकडा. नाव त्याच गावाचं, जिथे घर जळाल्यावर नेल्सन ट्रिगर घेऊन राहायला गेला होता.