आधी जेवलास का विचारा, मग विडीचं बघू

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर भल्या सकाळी गेलात तर बोटीवर नाहीतर जाळ्यांच्या ढिगावरच झोपून उठलेली अठरा ते बावीसची पोरं दिसतील आणि डोळे नीट उघडायच्या आधी हातात विडी. बरेचसे खलाशी बाहेरून आलेले, नेपाळ, कर्नाटक, ओडिशा, कुठून कुठून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बाकीचे गावी जातात, ज्याला जायला गावच उरलं नाही तो भर पावसात एसटी स्टँडवर किंवा कुणाच्या तरी दुकानाच्या पडवीत. आपल्याला वाटतं बेघर पोरं म्हणजे मुंबईचा विषय. सरकारी निवाऱ्यांचा हिशोबही लाख लोकसंख्येमागे एक असा आहे, आणि रत्नागिरी, चिपळूण, मालवण ही सगळी शहरं २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आतलीच.

तर या पोराला आपण सांगतो काय, ‘मेल्या सोड ती विडी, टीबी होईल’. खोटं नाहीये ते, धूम्रपानाने टीबीचा धोका साधारण दुप्पट होतोच. पण ती विडी त्याची काय काय कामं करते हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं.

पहिलं काम भूक मारायचं. विडीतलं निकोटिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात ‘पोट भरलं’ असा सिग्नल देणाऱ्या पेशींना चालू करतं, २०११ साली उंदरांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. म्हणजे वडापावाएवढे पैसे नसले की विडीवर दुपार निघते. (महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी आहे, टपरीवर जाऊन बघा म्हणजे कळेल किती आहे ती.) दुसरं काम जागं राहायचं, कारण स्टँडवर गाढ झोपलात तर मोबाईल गेला, चपला गेल्या. तिसरं सोबत, एक विडी तिघांत फिरते त्यातच ओळखी होतात, काम कुठे आहे ते कळतं. यातलं एकही काम ‘कॅन्सर होतो’ असा बोर्ड लावून होणार नाही.

आता राहिलं टेन्शन. प्रत्येक जण म्हणतो विडीने डोकं शांत होतं, आणि ते त्याला खरंच जाणवत असतं, नाटक नाही. होतं असं की धूर आत घेतला की दहा-वीस सेकंदात निकोटिन मेंदूत पोचतं, डोपामिन सुटतं, बरं वाटतं. पण रक्तातलं निकोटिन दोन तासांत निम्म्यावर येतं, आणि रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या जागा मुळात वाढलेल्या असतात, त्या रिकाम्या झाल्या की चिडचिड, बेचैनी, लक्ष लागत नाही. मग पुढची विडी, की शांत. म्हणजे जे टेन्शन गेलं त्यातलं बरंचसं आधीच्या विडीनेच आणलेलं होतं. २०१४ साली २६ अभ्यास एकत्र तपासून असं दिसलं की सोडणाऱ्यांचं टेन्शन, उदासी सोडल्यावर कमी झाली, वाढली नाही. फक्त सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात आणि त्रास दोन ते चार आठवडे चालतो, हे पोराला आधीच सांगायला पाहिजे, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्याला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं.

रात्रभरात निकोटिन उतरतं म्हणूनच उठल्यावर पहिली विडी कधी, हा एकच प्रश्न सवय किती खोल आहे ते सांगून जातो. पाच मिनिटांच्या आत असेल तर नुसत्या निश्चयावर सोडणं फार अवघड. त्यात विडीचं पान कमी सच्छिद्र, विझू नये म्हणून जोरजोरात ओढावी लागते, त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साईड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातो.

अमेरिकेत बेघर लोकांमध्ये सत्तर-ऐंशी टक्के धूम्रपान करतात, तरुणांमध्येही सत्तरच्या आसपास. मिनेसोटात ४३० बेघर प्रौढांवर ट्रायल झाली (२०१३ साली छापली), सगळ्यांना निकोटिनचे पॅच (कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या) दिले आणि निम्म्यांना वर समुपदेशनाची खास सेशन्स. २६ आठवड्यांनी सेशन्सवाले ९.३ टक्के सुटलेले, बाकीचे ५.६, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या हिशोबात योगायोगही असू शकतो इतका छोटा. म्हणजे बोलणं चांगलंच, पण झोपायची जागा तीच, भूक तीच, तर नुसतं बोलून किती होणार.

औषधं मात्र चालतात. निकोटिनची गोळी-पॅच वापरला तर सुटण्याची शक्यता पन्नास-साठ टक्क्यांनी वाढते, २ मिलीग्रॅमची चघळायची गोळी मेडिकलवर मिळते (अठराच्या खालच्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं). ती नेहमीच्या च्युइंगमसारखी सतत चावायची नाही, हळूहळू चावून तोंडात झिणझिणलं की गालात दाबून ठेवायची, तंबाखूची चिमूट लावणाऱ्याला हे वेगळं शिकवायला लागत नाही. पण चहा पिऊन लगेच गोळी घेतली तर तोंडातल्या आंबटपणामुळे निकोटिन नीट शोषलंच जात नाही, पंधरा मिनिटं तरी मध्ये जाऊ द्यायची.

आणि चहाचं अजून एक आहे जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. धुरातल्या काही घटकांमुळे लिव्हर कॅफीन भराभर संपवतं, विडी बंद झाली की तो वेग पडतो, म्हणजे रोजचे तेच सहा कप आता जास्त चढतात, हात थरथरतात, झोप येत नाही, आणि पोरगा म्हणतो बघ विडी सोडल्यामुळे झालं. चहा निम्म्यावर आणला तर बराच फरक पडतो.

सरकारची १८००-११-२३५६ ही क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोन-लाइन, फुकट आहे, पण फोन चार्ज कुठे करणार हा प्रश्न असलेल्या पोराला नंबर देऊन आपण मोकळे झालो तर काय अर्थ. जेटीवर कुणाच्या तरी गाळ्यात चार्जिंग, एक वेळ जेवण, गोळ्यांची पाकिटं आणि तीन आठवडे रोज तोंड दाखवणारा एकच माणूस एवढं जमवता आलं तर ते जून-जुलैत जमवावं, तेव्हा बोटी बंद असतात आणि पोरगा एका जागी सापडतो. मध्ये कधी ओढली तर त्याला परत यायला लाज वाटेल असं काही बोलायचं नाही, बहुतेकांची पहिल्या खेपेला सुटत नाही.