उडती मोटार

रस्त्यावर मोटारीसारखे धावणारे आणि हवेत विमानासारखे उडणारे वाहन. जागेवरून सरळ वर उचलल्या जाणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या हवाई टॅक्सीलाही हल्ली हेच नाव पडले आहे. ती रस्त्यावर मुळी धावतच नाही, तेव्हा तिला मोटार म्हणणे केवळ लाडाचे.

कल्पना जुनी आहे. ग्लेन कर्टिस यांनी १९१७ मध्ये अमेरिकेत 'ऑटोप्लेन' दाखवले. ते जमिनीपासून जरासे सुटले, पण खरे उडाले नाही. मोल्टन टेलर यांची 'एअरोकार' मात्र १९४९ मध्ये उडाली आणि १९५६ मध्ये तिला सरकारी प्रमाणपत्रही मिळाले. रस्त्यावर आली की ती आपले पंख ट्रेलरसारखे मागे ओढत न्यायची. यंत्र चालले, धंदा चालला नाही. बनल्या जेमतेम सहा. जून २०२१ मध्ये स्लोव्हाकियातील 'एअरकार'ने नित्रा ते ब्रातिस्लाव्हा हा प्रवास ३५ मिनिटांत केला. उतरल्यावर पंख मिटून मोटार व्हायला तिला सव्वादोन मिनिटे पुरतात. पण ती उडाली विमानतळावरून आणि उतरलीही विमानतळावरच.

या वाहनाची ओढ का वाटते, हे ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी सहज कळते. मानपाड्याला मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा जागची हलत नाही, मीटर मात्र वेटिंगचे पैसे चढवत राहते. पुढे गुजरातकडे निघालेला कंटेनर, मागे शाळेची बस, आणि डावीकडे येऊरच्या डोंगरावर एखादी घार निवांत घिरट्या घालत असते. ठाणे स्टेशन ते नवी मुंबईतील बेलापूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर. ताशी १५० किलोमीटर वेगाने आठेक मिनिटांचे काम. हिशेब मोहात पाडणारा आहे आणि त्यात चूकही नाही. फक्त तो ठाणे स्टेशनच्या छपरापासून बेलापूरच्या छपरापर्यंतचा आहे.

मोटारीची खरी सोय वेगात नसून दारात आहे: सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधून निघायचे आणि कचेरीच्या फाटकाशी उतरायचे. पंखांच्या मोटारीला धावपट्टी लागते, हवाई टॅक्सीला मोकळा तळ. दोन्ही सोसायटीच्या आवारात मावत नाहीत. मग तळापर्यंत रिक्षा, तिथे तपासणी आणि रांग, उतरल्यावर पुन्हा रिक्षा. बेलापूरच्या जेट्टीवरून फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा हेच दिसले. पाण्यावर कोंडी नव्हती. जेट्टीपर्यंत पोहोचायचे कसे आणि भाडे परवडायचे कसे, हे प्रश्न मात्र जमिनीवरच होते.

दुसरी अडचण वजनाची. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन बॅटरीत पाव किलोवॅट-तासाच्या आसपास. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी आहे, हे जमेस धरले तरी तफावत दहापटींहून अधिक उरते. शिवाय पेट्रोल जळते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तितकीच जड. हवेत एका जागी तरंगत राहायला सर्वाधिक शक्ती लागते, म्हणजे उतरायची जागा मिळेपर्यंत थांबणेच सर्वांत महागात पडते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलून कडेला घेता येते. घोडबंदरवर आकाशातून पाहिले तर एका कडेला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि दुसऱ्या कडेला खाडी.

आकाशही रिकामे नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने नवी मुंबईवरूनच खाली येतात आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळाची वाहतूकही सुरू झाली आहे. कळवा-ऐरोली पट्ट्यात उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे आहेत. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, तर २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाची धडक बसून जवळपास ४० फ्लेमिंगो मेले. छोट्या पंख्यांच्या वाहनापुढे असा थवा आला तर पक्ष्यांइतकेच प्रवाशांचेही खरे नाही. शिवाय जूनपासून पुढचे चार महिने येऊर ढगांत बुडालेले असते. म्हणजे रस्ते तुंबल्यामुळे उडती मोटार सर्वाधिक हवीशी वाटावी, नेमक्या त्याच दिवशी ती जमिनीवर उभी राहील.

तंत्रज्ञान मात्र थांबलेले नाही. चीनमध्ये 'ईहँग' कंपनीच्या दोन आसनी चालकरहित वाहनाला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या विमान वाहतूक खात्याचे प्रमाणपत्र मिळाले. उलट जर्मनीतील 'लिलियम' आणि 'व्होलोकॉप्टर' या दोन नावाजलेल्या कंपन्यांनी २०२४ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला.

राहिला प्रश्न गर्दीचा. एका तळावरून दर दोन मिनिटांनी चार प्रवाशांची टॅक्सी सुटली, तरी तासाला १२० माणसे होतात. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या पनवेल लोकलच्या एकाच डब्यात त्याहून जास्त माणसे असतात, आणि डबे बारा.