पार्श्वभूमी : खणाची साडी आणि ‘पारंपरिक’ फेरीचा वाद

सांगली-मिरजेकडच्या कॉलेजांत थंडी सरत आली की गॅदरिंगं सुरू होतात आणि गॅदरिंगच्या फॅशन शोमध्ये एक फेरी ‘पारंपरिक’ असतेच. गेल्या वर्षी अशाच एका फेरीत खणाची साडी नेसून आलेल्या मुलीचे गुण कापले गेले. परीक्षकांनी कारण दिलं : खणाची चोळी असते, साडी नसते, म्हणून हा वेश पारंपरिक धरता येत नाही. पहिला नंबर मिळाला तो कमरेला चेन असलेल्या, शिवलेल्या नऊवारीला. मी फॅशन डिझायनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी विंगेत पदरांना पिना लावायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे दोन्ही कपडे मी हातात घेऊन पाहिले होते. निकालानंतर वर्गात, स्टाफरूममध्ये, पालकांच्या ग्रुपवर महिनाभर वाद चालला. दोन्ही बाजू ‘परंपरा’ हाच शब्द वापरत होत्या, पण कोणाच्या डोळ्यांसमोर कुठला काळ आहे ते कोणीच सांगत नव्हतं.

घोळ ‘खण’ या शब्दापासूनच आहे. घरात आपण तो किमान तीन अर्थांनी वापरतो. पहिला अर्थ मापाचा. एका चोळीपुरता कापडाचा तुकडा म्हणजे खण. खणानारळाने ओटी भरताना त्या खणाची वीण कोणी विचारत नाही. ओटीत साधा टू बाय टूचा ब्लाउजपीस घातला तरी तो खणच. दुसरा अर्थ एका विशिष्ट कापडाचा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येणारा, दोन्ही कडांना काठ आणि मध्ये बारीक नक्षी असलेला, त्रिकोणी घडी घालून ठेवलेला खण. सांगलीत कापड पेठेत जुन्या दुकानदाराकडे ‘खण दाखवा’ म्हटलं की अजून ही त्रिकोणी घडीच पुढे येते. तिसरा अर्थ अलीकडचा, फार तर गेल्या दहा-बारा वर्षांतला : ‘खण फॅब्रिक’. हे मीटरवर मिळतं. याचे कुर्ते, पर्स, तोरणं, आकाशकंदील झाले, करोनात मास्कही झाले. त्या दिवशी परीक्षक दुसऱ्या अर्थाने बोलत होते, मुलगी तिसऱ्या अर्थाचं कापड नेसली होती आणि खाली बसलेल्या आया पहिला अर्थ धरून ‘खण तर आपल्याकडे किती जुना’ म्हणत होत्या.

परीक्षकांचं म्हणणं कापडाच्या अंगाने तपासलं तर त्यात तथ्य आहे. गुळेदगुड्डचा खण चोळी मनात धरूनच विणलेला असतो. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी अरुंद, पाऊण मीटरच्या आसपास. बेतताना एक काठ बाह्यांच्या टोकाला आणि दुसरा खालच्या पट्टीला आणता येतो, त्यामुळे वेगळी लेस लावावी लागत नाही आणि कापड वाया जात नाही. त्रिकोणी घडीत अंग आणि काठ दोन्ही एका नजरेत दिसतात, दुकानदाराला तुकडा उलगडावा लागत नाही. विणणारा, विकणारा आणि शिवणारा या तिघांनी मिळून ठरवल्यासारखी ही वस्तू आहे. मला तिच्याबद्दल वाटणाऱ्या आदराचं कारण तेच.

साडीला मात्र साधारण ४४ ते ४८ इंच पन्हा लागतो. खऱ्या खणाची साडी करायची तर पट्ट्या जोडाव्या लागतात, नाहीतर मुळातच मागावर साडीच्या पन्ह्याचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, लावावा लागतो. बाजारात आज जी खणाची साडी मिळते ती दुसऱ्या प्रकारची, बहुतेक यंत्रमागावरची आणि पुष्कळदा पॉलिस्टर मिसळलेली. धागा ओळखायची साधी रीत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. त्या मुलीच्या परवानगीने तिच्या पदराच्या गोंड्यातले दोन धागे आम्ही जाळून पाहिले. मणी झाला. नंतर शिवलेल्या नऊवारीच्या आतल्या शिलाईतला धागा घेतला. त्याचाही मणी झाला.

इथे परीक्षकांचा निकाल मला पटत नाही. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३६ इंचांचा एक वार धरला तर सव्वाआठ मीटर कापड. ते अंगावर राहतं ते कासोट्यामुळे, निऱ्यांमुळे, ओच्यामुळे. त्यात शिलाई नाही. शिवलेल्या नऊवारीत कासोटा आधीच शिवून दोन पायांत विभागलेला असतो, निऱ्या टाके घालून पक्क्या केलेल्या असतात, कमरेला चेन किंवा इलॅस्टिक असतं. टेलरच्या पाटीवर तिचे ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, लावणी असे प्रकार लिहिलेले असतात आणि प्रत्येकाची शिलाई वेगळी असते. माझी जतकडची आजी यावर एकच वाक्य बोलते : ‘नेसायची ती साडी, घालायचा तो झगा.’ आमच्या वर्गातल्या मुलीही नकळत हा भेद पाळतात. ‘मी खणाची साडी नेसणार आहे,’ म्हणतात आणि ‘मी नऊवारी घालणार आहे,’ म्हणतात. क्रियापदाने जे ओळखलं ते गुणपत्रिकेने ओळखलं नाही. खणाच्या साडीत कापड नवं होतं आणि नेसणं जुनं. शिवलेल्या नऊवारीत आकार जुना होता आणि घालणं नवं. एकाला सूट आणि दुसऱ्याला दंड कशासाठी, हे त्या निकालात कुठेच लिहिलेलं नाही.

शिवलेली नऊवारी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. स्कूटीवरून शोभायात्रेला जाणाऱ्या, ढोलपथकात चार तास उभ्या राहणाऱ्या मुलीला ती सोयीची आहे आणि सांगलीतल्या कितीतरी टेलरबायकांचं घर त्या शिलाईवर चालतं. प्रश्न फक्त मापाचा आहे. एकच पट्टी दोघींना लावा.

मुळात ‘पारंपरिक फेरी’ हीच फार जुनी गोष्ट नाही. १९९४ साली दोन भारतीय मुलींनी जगातले दोन मोठे सौंदर्यकिताब जिंकले. त्या स्पर्धांची टीव्हीवर दिसणारी मांडणी, म्हणजे रॅम्प, पट्टा, फेऱ्या, शेवटचा प्रश्न, हळूहळू तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत आली. देशाचा वेश घालून चालायची फेरी त्या स्पर्धांत असायचीच. आपल्याकडे तिचं नाव पारंपरिक पडलं. २००० साली दिल्लीत पहिला भारतीय फॅशन वीक भरला आणि रॅम्पवर चालायची पद्धतही ठरून गेली : टोकाला येऊन थांबणं, वळणं, चेहऱ्यावर हसू न आणणं. आमच्या गॅदरिंगमध्ये मुली लुगडं नेसून नेमकं तसंच चालतात. ज्या मंचाचा आकारच तीस वर्षांपूर्वी बाहेरून आला, त्या मंचावर दहा वर्षांचं कापड नवं म्हणून बाद होतं.

सांगलीला मंचावरचा पोशाख नवा नाही. १८४३ साली इथल्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ झालं तेव्हा सीता पुरुषाने केली होती. पुढे नागठाणे हे ज्यांचं गाव, त्या बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांत नेसलेल्या साड्या, दागिने आणि केसांची ठेवण पाहून घरंदाज बायका तसं करू लागल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच सुमाराला शिळाप्रेसवर छापलेल्या देवी आणि पौराणिक नायिका घराघरांतल्या भिंतींवर लागल्या. असा एक छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला होता आणि त्यातल्या अनेक नायिका नऊवारीत होत्या. औंधला १९३८ साली उभ्या राहिलेल्या संग्रहालयात आम्हाला वेशभूषेची रेखाटनं करायला नेतात, तेव्हा हा सगळा काळ एकाच दुपारी पाहून होतो.

माझ्या आठवणीत ठळक आहे ती दुकानाची गादी. पांढरी चादर, टेकायला लोड, समोर भिंतभर कपाटं. दाखवणारा माणूस साडी झटक्यात उलगडायचा, निऱ्या बोटांत धरायचा आणि पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. मिशीवाला मध्यमवयीन माणूस जरीचा पदर सावरत बसलेला असे आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे. बाई कापड बघायची, माणूस बघायची नाही. काठ उलटा करून मागचे सुटे धागे पाहायची, पदर आणि अंग यांचा जोड चाचपायची. मग सुरतेच्या साड्या खोक्यांतून आल्या. खोक्यावर मॉडेलचा फोटो असायचा आणि गिऱ्हाईक फोटोवर बोट ठेवून ‘ही दाखवा’ म्हणू लागलं. २०१९ च्या पुरात मारुती रोड, हरभट रोड, कापड पेठ पाण्यात गेली. माझी मावशी ज्या दुकानात जाते तिथली गादी त्यानंतर पुन्हा घातलीच नाही. काउंटर आला, काचेमागे पुतळे आले.

२०२० च्या जुलैत आपल्याकडे रील्स आले. दुकानं बंद-चालू होण्याचे ते दिवस होते, त्यामुळे कपडा फोनवरच दिसत होता. खणाची साडी त्या काळात झपाट्याने पसरताना मी पाहिली आणि तिच्या पसरण्याचं एक कारण मला तिच्या दिसण्यात सापडतं. खणाचं अंग गडद असतं, काठ ठसठशीत असतो आणि बारीक नक्षीमुळे कापडाला पोत येतो. फोनच्या छोट्या पडद्यावर हे तिन्ही उठून दिसतात. सुती इरकल साडी तिथे सपाट दिसते. तिची गंमत हातात घेतल्यावर, जवळून पाहिल्यावर कळते. लाईव्ह सेलमध्ये ‘ताई, स्क्रीनशॉट काढा’ म्हणत साडी दहा सेकंदांत बाजूला जाते. त्या दहा सेकंदांत जे दिसत नाही ते विकलं जात नाही. पारंपरिक या शब्दाखाली सध्या काय येतं हे मोठ्या प्रमाणात तिथे ठरतंय.

इरकलीचा विषय निघाला म्हणून नकाशाकडे वळते, कारण वादातला दुसरा मुद्दा ‘हे आपलं की कर्नाटकातलं’ असा होता. इरकल साडी इलकलची, खण गुळेदगुड्डचा. दोन्ही गावं आज बागलकोट जिल्ह्यात. हा जिल्हा विजापूरपासून १९९७ साली वेगळा झाला. विजापूर, बेळगाव, धारवाड हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. सांगली संस्थानाचा तर मुलूखच विखुरलेला होता : मिरजप्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी. यातलं तेरदाळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे आणि शहापूर बेळगावला लागून. शहापुरी लुगडी तिथली. आपला जिल्हासुद्धा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. माग आणि बाजारपेठ यांच्यामधली वाट या सगळ्या रेषांच्या आधीची आहे. इरकलीचं अंग सुती ताण्याचं असतं, पदर रेशमी ताण्याचा, आणि दोन्ही ताणे फासे अडकवून जोडतात. लाल पदरावरचे पांढरे पट्टे जतपासून कऱ्हाडपर्यंतच्या बाया डोळे मिटून ओळखतील.

ज्या मुद्द्यावर वादात कोणीच बोललं नाही तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : कापड विणलं कोणी. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा केंद्राचा कायदा १९८५ सालचा. सुरुवातीला यादीत २२ वस्तू होत्या, नंतर ११ उरल्या. साडी, धोतर, लुंगी, टॉवेल, चादर, शाल त्यात आहेत. यंत्रमागवाले न्यायालयात गेले आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. साडीच्या बाबतीत धागा कोणता आणि काठ-पदराची वीण कशी यावर आरक्षण ठरतं. त्यामुळे कागदावरचा नियम आणि बाजारातला ताका यांची गाठ घालणं सोपं नाही. आपल्याच जिल्ह्यात विट्याला यंत्रमाग आहेत, त्यांवर पोट असलेली घरं आहेत, आणि त्यांना चोर ठरवून हातमाग वाचणार नाही. हातमागाचं कापड ओळखता यावं म्हणून २००६ पासून एक चिन्हही आहे. पण गॅदरिंगच्या मंचावर निवेदक मेकअप कोणाचा, दागिने कुठून भाड्याने, बुटीक कुठलं हे सांगतो. कापड कुठून आलं याला निवेदनात जागाच नसते. गेल्या वर्षी मी ती ओळ लिहून दिली होती. वेळ कमी म्हणून ती गळली.

यंदाची नियमपत्रिका जानेवारीत फलकावर लागली. ‘पारंपरिक’ हा शब्द काढून ‘महाराष्ट्रीय वेशभूषा’ असा शब्द आला आहे. खणाची साडी नाव घेऊन वगळली आहे, शिवलेली नऊवारी चालेल असं कंसात लिहिलं आहे. अर्जात ‘कापड कुठलं’ हा रकाना मात्र पहिल्यांदाच आला. जतच्या माझ्या मैत्रिणीने तिच्या आजीचं सुती इरकल लुगडं नेसायचं ठरवलं आहे, कासोटा घालून, एकही टाका न मारता. त्या रकान्यात तिने ‘इलकल, जि. बागलकोट’ असं लिहिलं. तिचा अर्ज अजून समितीकडे आहे.