नवउत्पादन : विकास व विपणन

एखाद्या व्यवसायाने कोणाची नक्कल न करता स्वतःच्या कल्पनेतून नवी वस्तू किंवा सेवा घडवणे आणि ती ग्राहकाच्या वापरात रुजवणे, या प्रक्रियेला नवउत्पादन विकास म्हणतात. आधी वस्तू बनवायची आणि मग ती खपवायची, हा रूढ समज घातक आहे. जी वस्तू कधी पाहिलीच नाही, ती हवी की नको हे ग्राहकाला नुसते विचारून कळत नाही. म्हणून घडवणे आणि वापरून दाखवणे ही कामे पहिल्यापासून जोडीने चालावी लागतात.

चिकटचिठ्ठीचा, म्हणजे ‘पोस्ट-इट’चा, इतिहास यासाठी मुद्दाम पाहावा. १९६८ मध्ये थ्रीएम या अमेरिकी कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना अलगद चिकटणारा आणि तितक्याच अलगद सुटणारा गोंद सापडला. त्याचे करायचे काय, हे कित्येक वर्षे कोणालाच सुचेना. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातून खुणेचे कागद सारखे निसटत होते. तेव्हा त्यांना तो गोंद आठवला. १९७७ मध्ये चार शहरांत चिठ्ठ्या विकून पाहिल्या, पण प्रतिसाद थंडच होता. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच बॉइसी शहरात त्या फुकट वाटल्या, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक विकत घ्यायला तयार झाले. गोंद तोच होता, कागदही तोच. या वेळी तो आधी लोकांच्या हाती पडला होता. १९८० मध्ये चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या.

नमुना सुबक असण्याची घाई नसावी. ज्या एका गृहीतकावर सारा डोलारा उभा आहे, ते आधी तपासणारा ओबडधोबड नमुना अधिक मोलाचा. ब्रिटिश संशोधक-उद्योजक जेम्स डायसन यांनी पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ नमुने केले.

दाखवण्यात एक धोका मात्र आहे, आणि नवे उद्योजक नेमके येथेच फसतात. अनेक देशांत अर्जापूर्वी शोध जाहीर झाला, तर त्याचे नावीन्य संपते व पेटंट, म्हणजे शोधावरचा ठरावीक मुदतीचा कायदेशीर एकाधिकार, मिळत नाही. त्यामुळे आधी अर्ज करावा, नाहीतर गोपनीयतेचा करार करूनच नमुना दाखवावा. औद्योगिक मालमत्तेविषयीच्या १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर इतर सदस्य देशांत अर्ज करण्यास १२ महिने मिळतात. पेटंटची मुदत सामान्यतः अर्जापासून २० वर्षे असते. नाव व्यापारचिन्हाने, बाह्यरूप डिझाइन नोंदणीने राखता येते. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही.

किंमत केवळ उत्पादनखर्चावर नफा चढवून ठरवू नये. ग्राहक आज तेच काम कशाने भागवतो आणि त्यासाठी किती पैसा, वेळ वा त्रास सोसतो, हे आधी पाहावे. विक्रीच्या आरंभी मोठ्या जाहिरातीपेक्षा योग्य मोजके ग्राहक महत्त्वाचे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या, नवी गोष्ट समाजात कशी पसरते हे सांगणाऱ्या प्रसार-सिद्धांतात नावीन्य सर्वांत आधी स्वीकारणारे अवघे २.५ टक्के आणि त्यांच्या मागोमाग येणारे १३.५ टक्के धरले आहेत. या दुसऱ्या गटाचा अनुभव ऐकून बाकीचे लोक निर्णय घेतात, म्हणून या गटाच्या तक्रारी वस्तू घडवणाऱ्याने स्वतः ऐकाव्यात.