रॅले स्कॅटरिंग की मी स्कॅटरिंग: गोंधळ नेमका कुठे होतो

एमएस्सीची व्हायव्हा जवळ आली की ग्रुपवर स्कॅटरिंगबद्दल, म्हणजे कणांवर पडून प्रकाश विखुरतो त्याबद्दल, हा प्रश्न येतोच, "कण लहान असला की रॅले, मोठा असला की मी, बरोबर ना?" (रॅले आणि मी ही दोन शास्त्रज्ञांची नावं.) अर्धं बरोबर आहे. मार्क जातात ते उरलेल्या अर्ध्यात, कारण हे दोन वेगळे प्रकार नाहीतच मुळी, मी थिअरी म्हणजे गोल कणासाठी मॅक्सवेलच्या (विद्युतचुंबकीय लाटांच्या मूळ) समीकरणांचं पूर्ण उत्तर, कण केवढाही असो, आणि रॅले म्हणजे त्याच उत्तरातली लहान कणाला पुरणारी पहिली टर्म.

इतिहास मात्र उलटा झालाय. रॅलेने 1871 मध्ये आकाश निळं का दिसतं ते सांगताना तरंगलांबीचा चौथा घात छेदात आणला, म्हणून 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 च्या लालपेक्षा चारपटीहून जास्त विखुरतो. गुस्ताव मीचं पूर्ण गणित आलं 1908 मध्ये, तेही सोन्याच्या कोलॉइडचे, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अतिबारीक कणांचे, रंग कसे येतात ते काढायला. (डेन्मार्कच्या लॉरेंझने हे 1890 लाच करून ठेवलेलं, पण डॅनिशमध्ये, त्यामुळे फारसं कुणाच्या नजरेत आलं नाही.)

रॅले काय करतो, तर कण इतका बारीक की त्याच्यावरचं प्रकाशाचं विद्युत फील्ड एका क्षणी सगळीकडे सारखंच, मग अख्खा कण एक डायपोल (धन-ऋण प्रभारांची जोडी) धरायचा आणि मोकळं व्हायचं. मी थिअरीत येणारी सपाट लाट गोलाकार लाटांच्या बेरजेत मांडायची, आतलं आणि बाहेरचं फील्ड पृष्ठभागावर जुळवायचं, त्यातून बेसेल फंक्शन्सवाले (गोल आकाराच्या गणितात येणारी ठरावीक फंक्शन्स) सहगुणक निघतात. किती टर्म्स घ्यायच्या ते कणाचा परीघ भागिले तरंगलांबी, ह्या एका आकड्यावर ठरतं. ढगातला 10 मायक्रॉन त्रिज्येचा थेंब आणि हिरवा प्रकाश घेतला तर हा आकडा 125 च्या आसपास, म्हणजे दीडशेक टर्म्स लागतात, आणि तिथे निळ्या-लालचा फरक जवळजवळ उरतच नाही म्हणून ढग पांढरे दिसतात. कोड स्वतः लिहिणार असाल तर ह्या बेसेल फंक्शन्सचं लॉगरिदमिक डेरिव्हेटिव्ह (डेरिव्हेटिव्ह भागिले फंक्शन) वरच्या टर्मकडून खाली उतरत काढा, खालून वर गेलात तर राउंडिंगची चूक फुगत जाते.

आता आपल्या मुंबईचं हवामान रडार, तेही लाटा सोडून पावसाच्या थेंबांवरून विखुरून परत आलेली लाट (इको) मोजतं. कुलाब्याचं एस-बँड, तरंगलांबी साधारण 10 सेंटीमीटर, पावसाचा थेंब काही मिलिमीटर, त्यामुळे रॅले बिनधास्त चालतो, व्यासाच्या सहाव्या घाताचा नियम तिथूनच येतो, थेंब दुप्पट तर इको 64 पट. वेरावलीला 2022 मध्ये आलेलं रडार सी-बँड, म्हणजे लाट साधारण अर्धी. 5 मिलिमीटरच्या थेंबाला परिघाचा आकडा तरी 0.3 च, लहानच वाटतो ना? पण मायक्रोवेव्हला पाण्याचा अपवर्तनांक 9 च्या जवळपास जातो, थेंबाच्या आत लाट तेवढी आखूड होते, आणि सगळीकडे सारखं फील्ड हे गृहीतकच कोसळतं. ही दुसरी अट बहुतेक नोट्समध्ये नसतेच. म्हणून सी-बँडला मोठ्या थेंबांचा हिशोब मी थिअरीने करायचा, आणि खरं तर तीही अपुरीच पडते, कारण एवढा थेंब पडताना खालून चपटा होतो, मग टी-मॅट्रिक्स (गोल नसलेल्या कणांसाठीची पद्धत) वापरावं लागतं.