साइड कॅरेक्टर्सचं शौर्य (यंग ॲडल्ट डिस्टोपिया)

किशोरवयीन वाचकांसाठीच्या ज्या कादंबऱ्यांत भविष्यातलं एखादं जुलमी राज्य असतं आणि एखादी पोरगी किंवा पोरगा त्याच्याविरुद्ध उभा राहतो, त्यांना यंग ॲडल्ट डिस्टोपिया म्हणतात. २००८ मध्ये सुझन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' आली आणि मग काही वर्षं अशा पुस्तकांची नुसती लाट होती. ही नोंद त्यातल्या नायक-नायिकांवर नाही, त्यांच्या आजूबाजूच्या माणसांवर आहे, कारण मला विचाराल तर या पुस्तकांचा जीव तिथेच आहे.

नायिका बरेचदा स्वतःच गोष्ट सांगत असते, 'मी' करून, त्यामुळे ती शेवटपर्यंत जिवंत राहणार हे वाचताना आत कुठेतरी माहीत असतं. साइड कॅरेक्टरला अशी काही हमी नसते. आणि दुसरं म्हणजे या राज्यांत काम वरून ठरवून दिलेलं असतं, कोणी कोळसा काढायचा, कोणी मासे धरायचे, कोणी बागेत राबायचं, तर ही माणसं बंड करतात ते बहुतेक वेळा त्याच कामातून, जे हाताला येतं तेच वापरून.

'द हंगर गेम्स'मधली रू बघा. १२ वर्षांची, डिस्ट्रिक्ट ११ ची (डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या देशाचा एक विभाग), सहा भावंडांत थोरली. अंगाने हलकी म्हणून फळं तोडायला तिला झाडाच्या सगळ्यात वरच्या फांद्यांवर चढवतात, त्यामुळे काम संपल्याचा झेंडा तिलाच आधी दिसतो आणि मग ती चार सुरांची एक छोटीशी धून म्हणते, मॉकिंगजे पक्षी ती उचलतात आणि बागभर पोचवतात, की चला, सुट्टी झाली. जिथे मुलांना एकमेकांना मारायला सोडलंय त्या मैदानात हीच धून ती आणि नायिका कॅटनिस 'मी ठीक आहे' या निरोपासाठी वापरायचं ठरवतात. त्याआधी कॅटनिस झाडावर अडकलेली असते, खाली शत्रू बसलेले, तेव्हा तिच्या डोक्यावरचं विषारी गांधीलमाश्यांचं पोळं रूच बोट करून दाखवते, आणि तेव्हा दोघींमध्ये दोस्तीबिस्ती काहीच झालेली नसते! गप्प बसली असती तर एक स्पर्धक कमी झाला असता, इतका साधा हिशोब होता, तो तिने केला नाही.

रू मेल्यावर कॅटनिस तिला फुलांनी झाकते. मग डिस्ट्रिक्ट ११ कडून कॅटनिसला एक पाव येतो, चंद्रकोरीसारखा, वर बिया लावलेला. ज्या लोकांना स्वतः पिकवलेलं खाल्लं तर चाबकाचे फटके बसतात त्यांनी हा पाव पाठवलाय, तोही दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या मुलीला, जे याआधी कधी झालेलंच नव्हतं. २०१२ च्या सिनेमात पावाच्या जागी दंगल दाखवलीय, ती पडद्यावर चांगली दिसते पण मला तो पावच जास्त मोठा वाटतो. पुढच्या पुस्तकात कॅटनिस तिथे जाते तेव्हा गर्दीतला एक म्हातारा तीच चार सुरांची शीळ घालतो, सगळे तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे उंचावतात, आणि त्या म्हाताऱ्याला तिथल्या तिथे गोळी घालतात. त्याचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. ही तीन बोटांची खूण पुढे पुस्तकाबाहेर आली, थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर आणि म्यानमारमध्ये २०२१ च्या उठावानंतर खरी माणसं खऱ्या सैनिकांसमोर ती करत होती.

सिना हा स्टायलिस्ट, म्हणजे कपडे शिवणारा माणूस, राजधानीतला, सुखात राहू शकला असता. सगळ्यात गरीब डिस्ट्रिक्ट १२ त्याने स्वतःहून मागून घेतलेलं असतं. दुसऱ्या पुस्तकात राष्ट्राध्यक्ष स्नो हुकूम सोडतो की कॅटनिसने मुलाखतीला लग्नाचा ड्रेस घालायचा, आणि सिना तो असा शिवतो की तिने गिरकी घेतली की पांढरं सगळं जळून जातं आणि आतून काळ्या पिसांचा मॉकिंगजे निघतो, अख्ख्या देशासमोर, लाइव्ह. त्याची किंमत काय हे त्याला शिवतानाच माहीत असणार. मैदानात जायच्या आधी कॅटनिस काचेच्या नळीत उभी असताना तिच्या डोळ्यांदेखत सैनिक त्याला बेदम मारहाण करतात आणि तिला बाहेर येता येत नाही.

त्याच दुसऱ्या पुस्तकातली मॅग्ज ८० वर्षांची आहे, एका दुसऱ्या मुलीच्या जागी ती स्वतः मैदानात उतरते, आणि विषारी धुकं मागे लागल्यावर तिच्याच डिस्ट्रिक्टच्या फिनिकला दोन माणसं उचलून पळता येणार नाही हे बघून सरळ त्या धुक्यात चालत जाते.

लोइस लॉरीच्या 'द गिव्हर' (१९९३) मधला, गावाच्या जुन्या आठवणी एकट्याने जपणारा म्हातारा मात्र मरत नाही, तो मागे थांबतो. त्याचा शिष्य जोनस, म्हणजे पुस्तकाचा नायक, पळून गेला की आठवणींचं दुःख सगळ्या गावावर कोसळणार, तेव्हा त्यांना सावरायला कोणीतरी हवं, म्हणून. मागे थांबणं हेसुद्धा शौर्यच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 'द मेझ रनर' (२००९) मधला चक नायक थॉमसवर फेकलेल्या सुऱ्यासमोर उडी घेतो, तो प्रसंग रडवतो हे खरं, पण रू किंवा सिनाइतकं आपण चकला आधी ओळखलेलं नसतं असं माझं मत आहे.

या सगळ्याला कोणी खारीचा वाटा म्हटलं की मला ते पटत नाही, खारीच्या पाठीवरून निदान रामाची बोटं तरी फिरली, ही माणसं पूल पुरा झालेला बघतच नाहीत.

टीका अशी होते की ही पात्रं नायिकेला राग यावा म्हणूनच मारली जातात, आणि रू पुस्तकात सावळ्या वर्णाची असल्यामुळे हा आक्षेप आणखी बोचतो. सिनेमात अमांडला स्टेनबर्गने रू केली तेव्हा काही प्रेक्षकांनी तिच्या वर्णावरून सोशल मीडियावर अत्यंत घाण लिहिलं, जे पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं ते त्यांनी वाचलंच नव्हतं. आक्षेपात तथ्य आहे. तरीही थ्रेशचा प्रसंग मला वेगळा वाटतो, तो रूच्याच डिस्ट्रिक्टचा, कॅटनिसला एका दगडात संपवू शकत असतो, आणि तिने रूसाठी काय केलं हे ऐकून तिला सोडून देतो, फक्त या एकदाच. तिथे रूमुळे नायिका बदलत नाही, नायिकेचा जीव वाचतो.

२०२५ मध्ये कॉलिन्सने हेमिचवर अख्खी कादंबरी लिहिली, जो मूळ पुस्तकांत कॅटनिसचा दारुडा गुरू म्हणून कडेला उभा होता, आणि त्यात मॅग्जसुद्धा परत भेटते, २५ वर्षांनी तरुण.